अमेरिकन सिनेमाची जादा पात्रता

२ सप्टेंबर १९५६, रविवार

ही वही दुसरं कुणी उघडून वाचत असेल तर त्याला लाज वाटो. विशेषतः लंकाला. बायकोला अक्षरं लावून वाचता येतं, हे लग्नानंतर मीच हौसेनं करून ठेवलेलं पाप.

आज पुण्याला विद्यापीठात पहिला वर्ग झाला. ‘अमेरिकन चित्रपट व टेलिव्हिजन : शिक्षकांसाठी जादा पात्रता’ असं नाव. महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्ग, फेब्रुवारीत तोंडी परीक्षा. आम्ही अकरा मास्तर. शिकवायला खास अमेरिकेहून आलेले हॉलिस्टर साहेब. खुर्ची असताना टेबलावर बसतात आणि नाकातून बोलतात. बारा वर्षं जुन्नरच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतोय, पण दीड तासात मला सुरुवातीचं ‘गुड मॉर्निंग’ आणि शेवटचं ‘थँक यू’ एवढंच धड कळलं. मान मात्र योग्य जागी हलवली. बाकीचे दहाही हलवत होते, त्यांना काय कळत होतं देव जाणे.

टेलिव्हिजनचा नुसता फोटो दाखवला. लाकडी पेटी, पुढे काच. वर्गातल्या एकानंही ती वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही आणि तिच्यावर एक अख्खा पेपर आहे.

हा नाद कशासाठी? तर आमचे हेडमास्तर मार्चअखेर निवृत्त होतात. खुर्चीला दावेदार दोन, मी आणि शेटे. दोघंही बी. ए., बी. टी., दोघंही एकाच साली लागलेले. चेअरमन म्हणाले, “ज्याच्याकडं जादा पात्रता, त्याची खुर्ची.” शेट्यानं लगेच कवायतीच्या शिबिरात नाव घातलं. म्हणजे तो शिट्टी फुंकणारा गडी खुर्चीत बसणार आणि मी दारातून ‘आत येऊ का’ विचारणार? मेलो तरी नाही. निरगुडसरला आमच्या म्हाताऱ्यानं आत्ताच गावभर करून ठेवलंय की सोपान हेडमास्तर झाला म्हणून.

२४ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला आणि नारायणगावात सिनेमाचा तंबू उभा राहिला. बुधवारी इंग्रजी चित्र असतं. प्रबंधात बारा अमेरिकन चित्रपट हवेत. प्रत्येकाची कथा, मांडणी, आणि खेड्यातल्या प्रेक्षकावरचा परिणाम. लंकाला घेऊन गेलो. तंबूत पुरुष पुढं पडद्याशी बसतात, बाया मागं मशीनच्या अंगाला.

पडद्याच्या शेजारी स्टुलावर चांद उभा असतो. हा जुन्नरचाच, कागदी मोहल्ल्यातला. याचे वाडवडील हातानं कागद करायचे, तो धंदा बसला. आता चाळिशीचा हा गडी तंबूवाल्याकडं ‘सांगणारा’ आहे. इंग्रजी चित्रात काय चाललंय ते पत्र्याच्या कर्ण्यातून मराठीत सांगायचं, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या हातात काठी. मागं मशीनवर त्याचा धाकटा भाऊ अकबर.

आजचं चित्र घोडेस्वारांचं. पडद्यावरचे लोक नाकात बोलू लागले की चांदचा कर्णा सुरू.

“बघा मंडळी, ह्यो टोपीवाला आन् त्यो मिशावाला, चुलतभाऊ हायेत! आज्यानं वढ्याचा पाट काढला, त्या पान्यावरनं वाकडं आलंय. मिशावाला म्हंतो, आजची पाळी माझी. टोपीवाला म्हंतो, तुझी पाळी गेली तेल लावत!”

लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. वारुळवाडीचा एक म्हातारा उठून टोपीवाल्याला सांगू लागला, “आरं, तलाठ्याकडं जा, कशाला बंदूक काढतो!” मी वहीत टिपलं : अमेरिकेतही पाण्याच्या पाळ्या असतात.

पुढं एक गोरी बाई धावत येते. टोपीवाला घोड्यावरून उतरतो. दोघं जवळ येतात, तोंडाला तोंड भिडेल इतकी. एवढ्यात चांदनं दोनदा काठी आपटली आणि पडदा एकदम काळा! काळोखात नुसता त्याचा आवाज. “भन हाय ती त्याची! सात वरसानं भाऊ घावला! रडू द्या तिला, मंडळी, बघू नका.” मागं बाया मुसमुसू लागल्या. मग उजेड. बाई केस सारखे करत बाजूला उभी.

मी थक्क झालो. ऐन भावनेच्या क्षणी दिग्दर्शक पडदा काळा करतो! चित्रभर चार वेळा केलं. आपल्याकडच्या कुणाला हे सुचायचं नाही.

परतीच्या ट्रकमध्ये लंका पदरात तोंड घालून हसत होती. “अवो, त्यो मशीनवरचा अकबर हाय न्हवं, त्यो...” म्हणाली. मी म्हटलं, “तुला त्यातलं काय कळतं? आणि ‘न्हवं’ नाही, ‘नव्हे’. मास्तराची बायको आहेस.” 

२८ ऑक्टोबर, रविवार

साहेबांचं इंग्रजीच कळत नाही तर पडद्यावरचं काय कळणार? हे मी फक्त इथं लिहितोय. सकाळी सरळ चांदच्या घरी गेलो. म्हटलं, रोज संध्याकाळी एकेक चित्र मला सावकाश सांग, मी उतरवून घेतो.

चांद खूश झाला, पण कान खाजवत म्हणाला, “मास्तर, म्या दुपारच्याला अकबरासंगं एकदा चित्र बघतो आन् मनानं जुळवतो. मला कुठं इंग्रजी येतंय? तुमच्या बुकाला चालंल का?”

याला म्हणतात विनय. अडाणी माणसं भाषांतराला जुळवणं म्हणतात. कंपनीकडून कागद येत असणार, कुणीतरी वाचून दाखवत असणार. मी म्हटलं, चालेल.

मग त्यानं त्याची अडचण काढली. मालकानं सांगितलंय, गुढीपाडव्यापासून नुसती हिंदी चित्रं आणायची. हिंदी लोकांना आपोआप कळतं, सांगणारा नको. दारावर तिकिटं फाडायला राहायचं तर राहा, पाडव्याच्या आत काय ते कळव.

“तिकिटं फाडीन वो, पोट कुनाला सुटलंय. पन सांगनं गेलं तर म्या करू काय जगून? दुसरं कायबी येत न्हाई मला. तुमच्या त्या सायबाच्या कानावर घाला, मास्तर. म्हनावं, असा असा मानूस हाय. एकडाव ऐका म्हनावं त्याला.”

मी शब्द दिला. एवढं काय जातंय बोलायला? त्याची आई जोहराबी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हातारीनं उठून माझ्या तोंडावरून हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं मोडली. “माझ्या लेकराचं तुमच्या हातनं भलं व्हनार,” म्हणाली.

११ नोव्हेंबर

सहा चित्रं उतरून झाली. चांद सांगताना उभाच राहतो, बसून येत नाही म्हणतो. स्वतःच घोडा होतो, स्वतःच बाई. आज तर माझ्या हातातला टाक थांबला, मीच ऐकत राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. लंका दाराआड उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडून इतिहास ऐकताना आलं नाही कधी.

त्याला टेलिव्हिजनचं सांगितलं. म्हटलं, आता अमेरिकेत घरोघरी पेटी असते, माणसं घरातच बसून चित्र बघतात. चांदनं विचारलं, “मंग सांगनारा कुठं बसतो?”

मला हसू आवरेना. पण वाक्य बरं आहे. पेपरात घालतो.

१६ डिसेंबर

प्रबंधाचे नव्वद कागद झाले. दोन प्रकरणं तर अशी साधली आहेत की साहेब उडतील. एक, ‘अमेरिकन चित्रपटातील बंधुभगिनी-प्रेम’. बारांपैकी दहा चित्रांत नायक-नायिका शेवटी भाऊ-बहीण निघतात किंवा मानलेले भाऊ-बहीण होतात. आपण उगाच त्यांना छचोर समजतो. दोन, ‘काळोखाचा कलात्मक वापर’. काळोख कधी किती वेळ पडतो याचं कोष्टक केलं आहे. चांदची काठी आपटली की काळोख पडतो, म्हणजे त्यालाही चित्र पाठ आहे.

लंका म्हणाली, “येक सांगू का? त्यो काळोक हाय न्हवं, आमी मागं बसतो तितनं दिसतं...”

मी वही मिटली. म्हटलं, “तू लिहितेस का प्रबंध? बस, लिही.” टाक तिच्या पुढ्यात आपटला. शाईचे डाग लुगड्यावर उडाले. ती धुवायला गेली. बायकांना नवऱ्याचं काही मोठं होताना बघवत नाही.

३० जानेवारी १९५७

प्रबंध रजिस्टरनं पाठवला. पहिल्या पानावर चांदचे आभार मानले होते, ते कागद बांधताना काढले. विद्यापीठाच्या कागदावर तंबूतल्या माणसाचं नाव बरं दिसत नाही.

चांद रोज विचारतो, “घातलं का कानावर?” सांगितलं, परीक्षेच्या दिवशी घालतो. शेट्याचं शिबिर संपलं. छातीवर बिल्ला लावून हिंडतोय.

२४ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय डोकं ठिकाणावर येणार नाही.

साहेब माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलले. प्रथम म्हणाले, टेलिव्हिजनचा पेपर उत्तम. ‘पेटी घरात आली की सांगणारा कुठं बसणार?’ हे वाक्य त्यांनी वहीत उतरून घेतलंय. तुम्हाला कसं सुचलं, विचारलं. मी म्हटलं, असंच, चिंतनातून.

मग प्रबंध पुढे ओढला. बंधुभगिनी-प्रेमाचं प्रकरण उघडलं आणि हसू लागले. आधी नाकात, मग तोंड उघडून. मेजावर डोकं टेकवून हसले. म्हणाले, मिस्टर टाव्हरे, ती त्याची बहीण नाही. ती त्याची बायको होते शेवटी. ही पण बायको. ही तर दुसऱ्याची बायको. आणि काळोख? असा काळोख या चित्रांत कुठंच नाही. ते मुका घेतात तिथं तुमच्या ऑपरेटरनं भिंगापुढं हात धरलाय.

बारा वर्षांचा मास्तर मी. माझ्यापुढं नव्वद कागद, कोष्टकासकट. कानाच्या पाळ्या अशा तापल्या की हात लावला तर भाजावं.

मी म्हटलं, तंबूत चित्रं सांगणाऱ्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या एका अडाणी माणसानं मला फसवलं, सर. साहेब हसायचे थांबले. म्हणाले, फसवलं? अहो, या माणसानं शब्द न कळता बाराच्या बारा गोष्टी नव्या रचल्या, आणि मूळ चित्रांपेक्षा सरस! चित्रपटांचा अभ्यास म्हणून तुमचा प्रबंध नापास आहे. पण हा माणूस मला द्या. जूनपासून मी खेडोपाडी चित्रं घेऊन जाणार आहे, वर्षभर असाच माणूस शोधतोय. उद्या आणा त्याला. त्याच्याबरोबर बसून तुमचा प्रबंध पुन्हा लिहू, नाव दोघांचं घालू.

दोघांचं नाव! चांदचं आणि माझं. म्हणजे जुन्नरच्या पेठेत चांद सांगत सुटणार की मास्तरानं मुक्याला भाऊबीज लिहिलं. शेट्याच्या कानावर जाणार. चेअरमनच्या जाणार. पोरं फळ्यावर काढणार.

“तो वारला, सर,” मी म्हटलं.

ठरवून नाही बोललो. तोंडातून गेलं.

साहेबांनी चष्मा काढला. कधी, विचारलं. मी म्हटलं, जानेवारीत, तापानं, जुन्नरला मागं म्हातारी आई आहे.  त्यांनी प्रबंधाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, मग त्याचं जगात एवढंच उरलंय. तुम्ही उतरवून ठेवलं नसतं तर हेही गेलं असतं. प्रबंधाचं नाव बदला, ‘एका सांगणाऱ्याचे चित्रपट’ करा. मी पास करतो. पहिल्या वर्गात.

हात हातात घेऊन दाबला. मी पास झालो.

२५ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला तर चूक चांदची आहे. त्यानं सरळ सांगायला हवं होतं की सगळं खोटं आहे म्हणून. ‘जुळवतो’ म्हणाला होता, पण असं अर्धवट सांगून काय होतं? मी शिकलेला माणूस, मी विश्वास ठेवणारच.

संध्याकाळी आला. “घातलं का कानावर?”

“घातलं,” म्हटलं. खोटं नाही बोललो.

“काय म्हनलं?”

“म्हणाले, असा माणूस शोधून सापडायचा नाही.”

चांद तिथंच उकिडवा बसला आणि रुमालानं डोळे पुसू लागला. लंकानं त्याला चहा दिला. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि रडतो कसला!

१० मार्च

चेअरमनना निकाल दाखवला. ‘विद्यापीठ’ आणि ‘पहिला वर्ग’ हे दोन शब्द वाचून त्यांनी शेट्याचा बिल्ला विचारातसुद्धा घेतला नाही. एक तारखेपासून खुर्ची माझी.

आणि दुपारच्या टपालानं साहेबांचं पत्र. सतरा तारखेला जीप घेऊन जुन्नरला येताहेत. त्या सांगणाऱ्याच्या आईला भेटून दोन शब्द बोलायचे आहेत म्हणे. कशाला या लोकांना एवढं प्रेम येतं? मेल्याचं तिथंच सोडून द्यावं की.

येऊ नका लिहावं तर संशय. चांदला गावात ठेवावं तर सर्वनाश. शेवटी मार्ग काढला. चांदला बोलावून सांगितलं, “साहेब सतराला नाणेघाट बघायला निघालेत. वर घाटघरला थांब. तिथं निवांतपणे ऐकतो म्हणाले. सोळालाच जा, चुकामूक नको.”

पायी जायला अख्खा दिवस लागतो. चांद म्हणाला, “आदल्या दिशी कशाला, चार दिस आदुगर जातो की!” मी म्हटलं, सोळाला गेलास तरी पुरे.

१७ मार्च, रविवार

झालं. निभावलं. 

चांद काल पहाटेच धुतलेली विजार आणि उसना कोट घालून घाटघरला गेला. कर्णा मात्र मी नेऊ दिला नाही. चार घरांच्या गावात कर्णा कशाला, म्हटलं. अकबर तंबूबरोबर मंचरला आहे. घरात एकटी जोहराबी. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर पुण्याचा, त्याला मराठी कळतं. पण मोहल्ल्यातली गल्ली अरुंद, जीप बाहेर रस्त्यावर ठेवावी लागली. साहेबांना मराठी येत नाही, म्हातारीला इंग्रजी येत नाही. मध्ये मी.

साहेब टोपी काढून, वाकून आत आले. जोहराबीनं घाईनं धुतलेली सतरंजी अंथरली. ती एकदम म्हणाली, “पोरगं तर घाटघरला तुमचीच वाट बघत बसलंय, सायेब! तुमी हितं कसं?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, “ती म्हणते, मुलगा असता तर त्याला केवढा आनंद झाला असता.” मग म्हातारीला म्हटलं, “साहेब आधी तुम्हाला भेटून मग वर जाणारेत.”

साहेब खाली बसले. म्हणाले, सांगा यांना, त्यांच्या मुलासारखा माणूस मी माझ्या देशातही पाहिला नाही. हे मी तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. म्हातारी हरखली. “ल्हानपनापासनं बोलका हाय वो. त्याचा बा कागद वाळत घालायचा आन् ह्यो त्या कागदांना गोष्टी सांगायचा. आता पुन्याला कवा न्यायचं त्याला? पाडव्याच्या आत मालकाला सांगावं लागतंय.”

मी म्हटलं, “त्या विचारतात, त्याच्यासाठी तुम्ही प्रार्थना कराल का?”

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले, मान खाली घातली आणि डोळे मिटून ओठ हलवले. बराच वेळ. जोहराबी माझ्याकडं बघू लागली. मी म्हटलं, “साहेबांनी शब्द दिला. देवाची शपथ घेऊन.”

“या अल्ला,” म्हणून म्हातारीनं साहेबांच्या हातांना डोळे लावले. मग उठली, खुंटीवरचा कर्णा काढला, पदरानं पुसला आणि साहेबांच्या हातात दिला. “ह्यो तुमी घिऊन जा. पोरगं मागनं येतंयच.”

“मुलाची आठवण म्हणून देतेय,” मी म्हटलं.

 साहेब कर्णा छातीशी धरून गल्लीतून चालत गेले. मोहल्ल्यातली माणसं दारादारात उभी. जीपमध्ये चढताना मला म्हणाले, मिस्टर टाव्हरे, तुम्ही नसता तर मला या बाईंचं मन कळलं नसतं. मी म्हटलं, माझं कर्तव्यच होतं ते.

खरं सांगायचं तर कुठं अडखळलो नाही. असं फडाफड इंग्रजी मी आयुष्यात बोललो नव्हतो.

१९ मार्च

चांद परत आला. पाय सुजलेत. दोन दिवस घाटघरला कुणाच्या तरी पडवीत बसून होता. “सायेब तिकडं आलं न्हाईत, पन आईनं सांगितलं समदं,” म्हणाला. मला वाटलं चिडेल. तो हसत होता. “हात हातात घेऊन शबुद दिला म्हनं. कर्नाबी नेला. बरं झालं, पुन्यात लागलाच असता. मास्तर, तुमचं उपकार कुठं फेडू?”

मग म्हणाला, घाटघरच्या लोकांनी कधी सिनेमाच पाहिलेला नाही, म्हणून त्यांना दोन्ही दिवस चित्रं सांगितली. पडदा नव्हता, मशीन नव्हतं. “तरीबी जागचं हालली न्हाईत मानसं,” म्हणाला. अडाणी लोक, त्यांना काय, काहीही चालतं.

२१ मार्च

वही जागेवर नव्हती. फडताळात उलटी ठेवलेली सापडली.

लंका परसात बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “जित्या मानसाला मारलं तुमी.” मी म्हटलं, आवाज खाली. ती म्हणाली, “मी म्हातारीला सांगून येती.” आणि माझ्या देखत डोक्यावर पदर घेऊन गेली. मी मागं धावलो नाही. भर पेठेत हेडमास्तरानं बायकोमागं धावायचं?

तासानं आली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडली तर घामानं ओली झालेली साखर.

“दारातच मुठीत घातली,” म्हणाली. “अख्ख्या गल्लीला वाटीत हुती. माझ्या गळ्यात पडली, म्हनली, तुज्या धन्यानं माजं लेकरू मार्गी लावलं. कंच्या तोंडानं सांगू तिला?” आणि रडू लागली, तीच मूठ तोंडात कोंबून.

मला मात्र हलकं वाटलं. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. जेवायला वाढते, पण बोलत नाही. होईल सवय.

१२ एप्रिल, शुक्रवार

हेडमास्तर झाल्यापासून लिहायला सवड नाही. शेटे आता दारातून ‘आत येऊ का’ विचारतो. मी मुद्दाम दोन मिनिटं कागदातून मान वर करत नाही. म्हातारा निरगुडसरहून येऊन खुर्चीला हात लावून गेला.

चांदनं पाडव्याच्या आधीच तंबूवाल्याला सांगून टाकलं, मी पुण्याला चाललो, तिकिटांना दुसरा बघ. मालकानं दुसरा बघितला. आता चांदला तिथं पाय ठेवायला जागा नाही. उसना कोटही परत गेला. रोज पोस्टमन यायच्या वेळेला शाळेच्या फाटकात येऊन उभा राहतो. पोस्टमन आत आला की मागोमाग हा आत. “आलं का पत्र, सर?” पूर्वी मास्तर म्हणायचा, आता सर म्हणतो. मी ‘येईल’ म्हणतो, तो जातो. वाळलाय. जोहराबी दुसऱ्यांच्या घरी धान्य निवडायला जाते असं ऐकलं.

आज पत्र आलं.

चांद मेजाच्या पुढ्यात उभा असतानाच पोस्टमननं ठेवलं. साहेबांचं. विद्यापीठाचा शिक्का लांबूनसुद्धा ओळखू येतो. चांदनं दोन्ही हात मेजावर टेकवले. मी पत्र फोडलं. साहेबांनी लिहिलंय की जून जवळ आला, सांगणाऱ्याची जागा अजून रिकामीच आहे, दुसरा कुणी मनाला पटत नाही. जुन्नर-आंबेगावाकडं त्याच्या तोडीचा, त्याच्या निम्म्यानं का होईना, कुणी तुमच्या नजरेत असेल तर उलट टपाली कळवा, मी स्वतः येऊन त्याला घेऊन जाईन.

“माझंच हाय न्हवं?” चांद म्हणाला. आवाज कर्ण्यात बोलायचा त्याच्या पावसुद्धा नव्हता.

पत्र घडी करून मी खणात टाकलं. “नाही,” म्हटलं. “इन्स्पेक्टरचं आहे. शाळा तपासणीचं.”

तो खणाकडं बघत राहिला. मग मान हलवली. “सायेब मोठा मानूस, कामं आसत्यात,” म्हणाला. “उद्या यील.”

“येईल,” मी म्हटलं.

तो गेल्यावर लगेच उत्तर लिहिलं, उलट टपाली हवं होतं म्हणून. ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. या दोन्ही तालुक्यांत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही.’ सही केली, खाली हुद्दा घातला आणि पत्र टाकायला शेट्याला पोस्टात पाठवलं.